आठ नंबरचे शेजारी

भाऊ केळुसकर माझे शेजारी होते असं मी सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की आमची भिंतीला भिंत लागून होती. भिंत नव्हतीच. त्यांचीही नव्हती आणि माझीही नव्हती. ते विरारला मनवेलपाड्याच्या चाळीत राहायचे आणि आम्ही माणिकपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत. आम्ही शेजारी होतो ते फक्त नकाशात. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या मंजूर नकाशात माझा प्लॉट सात नंबरचा आणि भाऊंचा आठ नंबरचा. प्रत्यक्षात तिथे गुडघाभर गवत होतं. पण त्या गवतात भाऊंनी माझ्याशी जसा शेजार केला, तसा पुढे पक्क्या घरात राहणाऱ्या कुणी केला नाही, आणि मीही कुणाशी केला नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी माणिकपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. आमच्या ह्यांनी बँकेतल्या कुणाच्या तरी नादाने संस्थेत नाव घातलं, पहिली वर्गणी भरली आणि नंतर त्या विषयातून अंग काढून घेतलं. "तुला आवड आहे ना, तू बघ," एवढंच म्हणाले. मला कसली आवड? पण आपलं चार भिंतींचं घर असावं एवढी हाव मला होती, ती मी लपवत नाही. म्हणून एका रविवारी छत्री घेऊन मी विरारच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, आमची जागा बघायला गेले.

जागा कसली, दामूचं भाताचं शेत. दामू हा मूळ मालक. त्याने जमीन संस्थेला विकली होती, पण घरं होईपर्यंत पावसाळ्यात भात लावायची आणि एरवी म्हशी चारायची मुभा भाऊंनी त्याला दिली होती. मी गवतात उभी राहून अंदाज घेत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो बाई, चपला घालून कुठे माझ्या देवघरात?"

मी दचकून बाजूला झाले.

"आता न्हाणीघरात आलात. असं करा, या इकडून, दारातून बाहेर या."

उंच, सडसडीत माणूस. मान जरा वर उचललेली. टेलिफोन खात्यात लाइन इन्स्पेक्टर होते, आयुष्यभर खांबावरच्या तारा बघत चालल्यामुळे समोरच्या माणसाशी बोलतानाही त्यांची नजर त्याच्या डोक्यावरून जायची. खिशात कायम तारेचा एक तुकडा. त्या तारेने ते पिशवीचा तुटलेला बंद बांधत, छत्रीची काडी बांधत, एकदा तर त्यांनी माझ्या पर्सची कडी बांधून दिली होती आणि ती पर्स फाटली तरी कडी निघाली नाही. मला वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. चेहरा बघितला तर थट्टेचं नाव नाही. त्यांनी मला हाताने दार दाखवलं आणि मी, विज्ञानाची बाई, त्या नसलेल्या दारातून मुकाट्याने बाहेर आले.

भाऊ त्या शेतात कधीही आडवे चालले नाहीत. नकाशात जिथे रस्ता होता तिथूनच चालायचे. एवढं मोकळं रान, दहा पावलांवर आंब्याचं झाड, पण भाऊ आधी सरळ पुढे जाणार, मग काटकोनात वळणार, मग आणखी एकदा वळणार आणि मग झाडाखाली पोचणार. दामू बांधावर बसून हे बघायचा. मला एकदा म्हणाला, "बाय, तुमचा भाव शाना हाय का येडा, मना अजून कलत नाय." मलाही तेव्हा कळत नव्हतं.

आता मुदतवाढीचं सांगायला हवं, कारण भाऊंचं सगळं आयुष्य तिच्याभोवतीच फिरलं. नकाशाला मिळालेली मंजुरी एका वर्षाची असते. त्या वर्षात आतले रस्ते करायचे, गटारं काढायची, प्लॉट जागेवर आखून सरकारी मोजणी करून घ्यायची, मग अंतिम मंजुरी मिळते आणि मग घरं बांधता येतात. वर्षात जमलं नाही तर अर्ज करून मुदत वाढवून घ्यायची. नाही घेतली तर मंजुरी रद्द, पुन्हा पहिल्यापासून सगळं. आणि नोकरदारांच्या संस्थेत वर्षभरात कधी काही झालंय? कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची बदली, कुणाची गिरणी बंद. रस्त्याची खडी येऊन पडे आणि पसरायला पैसे नसत. म्हणून दर वर्षी भाऊ अर्ज घेऊन सरकारी कार्यालयात जात, आणि ते संस्थेचे सेक्रेटरी असल्यामुळे नव्हे, तर दुसरं कुणी जात नसे म्हणून जात.

माझं अक्षर बरं, म्हणून एका वर्षी अर्ज लिहायला त्यांनी मला धरलं आणि सोबत नेलंही. कारणांच्या रकान्यात त्यांनी मला जे सांगितलं ते मी तसंच लिहिलं. एक, दामूचं भात उशिरा झाल्यामुळे दिवाळीपर्यंत जागा मोकळी झाली नाही, आणि उभं पीक कापायला आम्ही कुणी तयार नव्हतो. दोन, शाळा सुरू होण्याच्या सुमारास सभासदांची वर्गणी थकते. तीन, थोडा आळस.

टेबलामागच्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. "केळुसकर, दर वर्षी तुम्ही हे काय लिहिता हो? सगळे लिहितात तसं 'अपरिहार्य कारणांमुळे' लिहा आणि मोकळे व्हा की."

"पण साहेब, अपरिहार्य काहीच नव्हतं. मनावर घेतलं असतं तर झालं असतं. ते तिसऱ्या कलमात आहे बघा."

साहेब हसले, बाजूच्या टेबलावरचे दोघं हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुदत मात्र मिळाली. परत येताना मी म्हटलं, "भाऊ, आळस कशाला लिहायचा?" तर म्हणाले, "बाई, मुदत देणारा आपल्यावर भरवसा ठेवतो. त्याला खोटं सांगून कसं चालेल?" हे वाक्य ते दर वर्षी संस्थेच्या सभेतही म्हणायचे आणि वर्गणी थकवणारे दर वर्षी माना डोलवायचे.

मुदतवाढ मिळाली की पुढच्या रविवारी सगळ्या कुटुंबांनी जागेवर जमायचं, हा भाऊंनी पाडलेला रिवाज. दामूने नांगरणीसाठी काढून ठेवलेले हद्दीचे दगड पुन्हा रोवायचे, त्यांना चुना लावायचा. मोजायला भाऊंची टेलिफोनची जुनी केबल. कोपऱ्यातल्या मुख्य दगडाला ती बांधायची आणि तिथून एकेका घराची हद्द काढत जायची. मग जेवण. पण ते एकत्र नाही. प्रत्येकाने आपापल्या प्लॉटवर सतरंजी घालून बसायचं. शेजारी भाजीची वाटी द्यायची तर आपल्या फाटकातून बाहेर पडून, रस्त्याने जाऊन, त्यांच्या फाटकातून आत शिरायचं. मी पहिल्या वर्षी सरळ हात लांब करून वाटी दिली, तर भाऊंच्या बायकोने ती घेतली नाही. पदर तोंडाला लावून हसत राहिली. "आमच्याकडे भिंत आसा," म्हणाली. मग मी उठून फेरी मारून गेले तेव्हा तिने वाटी घेतली आणि मला बसायला पाट दिल्यासारखं गवत हाताने सारखं केलं. मुलं ओरडत पळायची, तेव्हा कुणीतरी म्हणायचं, "अरे, रस्त्यावर खेळा, घरात नको." असं ते आमचं गाव, त्या एका दिवसापुरतं वसायचं आणि संध्याकाळी सतरंज्या झटकून उठायचं.

भाऊंची बायको म्हणजे शालिनीवहिनी. ठेंगणी, गोरीपान, आणि भाऊ जेवढं कमी हसत तेवढं ह्या जास्त. दोघं मालवणकडचे. भाऊ आमच्याशी शुद्ध बोलत, पण वहिनींशी बोलताना मालवणीच, आणि तेव्हा त्यांचा आवाजही वेगळा निघायचा. घराबद्दल वहिनींची एकच अट होती, ती म्हणजे स्वयंपाकघर पुढच्या बाजूला हवं. भाऊ समजावून थकले, अगं पुढे ओटी असते, चूल मागे. पण वहिनी ऐकेनात. चाळीत त्यांची खोली सगळ्यात आत, अंधारी, दिवसाही दिवा लावून भाकऱ्या करायच्या. "माका चुलीकडसून रस्तो दिसाक होयो," म्हणायच्या. "कोण येता, कोण जाता, तां कळाक नको?" शेवटी भाऊंनी मानलं. आठ नंबरच्या घरात स्वयंपाकघर पुढे, रस्त्याला लागून, असं ठरलं.

मग वहिनींचं दुखणं आलं. पायावर सूज, चालताना धाप. माणिकपूरच्या डॉक्टरांनी भाऊंना एकट्याला आत बोलावून काय ते सांगितलं. बाहेर आल्यावर भाऊंनी मला, मी तिथेच राहत होते म्हणून, घरी येऊन पाणी मागितलं. प्यायले नाहीत. पेला हातात धरून म्हणाले, "बाई, ह्याला मुदतवाढ नसते का हो?" मी आत जाऊन उगाच चहाचं आधण ठेवलं. आजही ते आठवलं की मला माझाच राग येतो, दोन शब्द सुचू नयेत माणसाला.

त्या वर्षी चुना लावायच्या रविवारी वहिनी रिक्षातून आल्या. गवतावर त्यांना खुर्ची दिली. जेवणं होत आली तेव्हा त्या भाऊंना म्हणाल्या, "माका माझ्या घरात एकदा दूध उतू गेलेला बघूचा आसा."

नव्या घरात शिरल्यावर चुलीवर दूध उतू घालायचं असतं. घरच नाही तर दूध कुठे उतू घालणार? पण भाऊ उठले. दामूकडून तीन विटा आणल्या, गोवऱ्या आणल्या, म्हशीचं दूध आणलं. आठ नंबरच्या पुढच्या बाजूला, वहिनींनी बोट दाखवलं तिथे, चूल मांडली. आम्ही सगळे भोवती उभे. कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांनी चपला हद्दीच्या दगडाबाहेर काढल्या होत्या. दूध तापलं, वर आलं, आणि एकदम भसकन विटांवर सांडलं. वहिनींनी टाळ्या वाजवल्या, अगदी लहान मुलीसारख्या. मग पिशवीतून पुडी काढून सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली आणि चुलीशेजारी स्वतःच्या हाताने तुळशीचं रोप लावलं. "झालो माझो गृहप्रवेश," म्हणाल्या. भाऊ डोंगराकडे तोंड करून उभे होते.

पुढचं भात पोटरीला येऊन लोंब्या धरायच्या आत वहिनी गेल्या.

त्यानंतर भाऊ दर रविवारी जागेवर जाऊ लागले. त्यांची मुलगी मीनल नाशिकला दिलेली, ती म्हणायची, बाबा इकडे या, पण ते जात नसत. दामूने आठ नंबरच्या पुढचा तुकडा लावणीतून सोडला होता, तुळस तिथे चांगली फोफावली होती. एका संध्याकाळी खडीचा हिशेब विचारायला मी गेले तर भाऊ चुलीपाशी उकिडवे बसलेले. मी लांब होते. बघते तर त्यांनी अंग चोरून पाय जवळ घेतले, कुणी पलीकडे जाताना आपण वाट देतो ना, तसे. थोड्या वेळाने पुन्हा पाय पसरले. मी तशीच उभी राहिले, आणि मला करपलेल्या दुधाचा वास आला. आसपास घर नाही, चूल पेटलेली नाही. मुलांना मी वासाचे कण हवेतून कसे येतात ते शिकवत होते. मी स्वतःला सांगितलं, पाड्यावर कुणीतरी दूध तापवत असेल. पाडा पार डोंगराच्या वळणापलीकडे होता. खडीचा हिशेब न विचारता मी परत फिरले.

दामू मात्र स्वच्छ बोलायचा. "भाबी हाय तिथं. मी बघितली नाय, खोटं कशाला बोलू? पन म्हस त्या चुलीवरून जात नाय. दोरी वढली तरी वळसा घालते." मी म्हटलं, तुळशीमुळे जात नसेल. तो म्हणाला, "म्हस तुलस सोडते का बाय?"

मला वाटलं होतं, भाऊ आता खचतील आणि संस्थेचं काम पडेल. झालं उलटंच. ते कामाला भिडले. थकलेल्या वर्गणीसाठी लोकांच्या दारात जाऊन बसू लागले. काही न बोलता बसायचे, त्यामुळे लोक लवकर द्यायचे. गटारं झाली, खडी आली. तरी दोन वेळा मुदत वाढवून घ्यावीच लागली. आणि मग शेवटचं पत्र आलं. तोवर नवे नियम लागू झाले होते, आतले रस्ते जास्त रुंद हवे होते. आमची जुनी मंजुरी जुन्या नियमांची, ती जिवंत असेपर्यंत जुना नकाशा चालणार. पण ह्यापुढे मुदतवाढ नाही. ह्या वर्षात रस्ता पुरा करून मोजणी झाली तर ठीक, नाहीतर नवा नकाशा, रुंद रस्ता, आणि त्या रुंद रस्त्यात मागच्या ओळीतली घरंच बसत नव्हती. मागच्या ओळीत बहुतेक गिरणीवाले होते. नोकऱ्या गेलेल्या, हातात होतं ते इथे घातलेलं.

साहेब भाऊंना म्हणाले होते, "केळुसकर, आता माझ्याही हातात नाही." भाऊंनी त्यांना नमस्कार केला आणि आजवरच्या मुदतींबद्दल आभार मानले, असं मला साहेबांनीच नंतर सांगितलं.

सरकारी मोजणीदार आला तो डिसेंबरात. भात निघालं होतं, रान मोकळं होतं. त्याने टेबल मांडलं, सातबाऱ्याच्या जुन्या खुणा शोधल्या, साखळी ओढली. दुपारपर्यंत त्याच्या कपाळावरची आठी काही जाईना. शेवटी कोपऱ्यातल्या मुख्य दगडाजवळ जाऊन त्याने विचारलं, "हा इथे कुणी रोवला?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. दामू बांधावरून उठला. "मीच हलवला असंल. लय वर्सं झाली. तिथं पानी तुंबत होतं, बांध फुटत होता. दोन हात इकडं घेतला, मंग पुन्हा दोन हात, असं तीन-चारदा. दगड तर तोच हाय ना?"

दगड तोच होता. त्या दगडाला केबल बांधून भाऊंनी वर्षानुवर्षं आमची सगळी वसाहत मोजली होती. खांब मोजणारा माणूस, तारेचा हिशेब कधी चुकला नाही, पण तार जिथून सुटते तो दगडच जागचा हललाय हे त्यांच्या मनात आलं नाही. आपण आपल्याच हाताने चुना लावलेल्या दगडावर कोण शंका घेतो? अख्खी वसाहत पुढे सरकली होती. मोजणीदाराने खरी रेघ आखली तेव्हा आमच्या पुढच्या ओळीतल्या सगळ्यांची घरं मागे गेली, आणि जिथे आमच्या ओट्या होत्या तिथून रस्ता निघाला.

आम्ही आधी हसलो. एवढी वर्षं रस्त्यावर बसून जेवलो म्हणून हसलो. आमचं काय जात होतं? गवताऐवजी गवत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि हसू थांबलं. चुन्याची नवी रेघ तुळशीच्या पलीकडून गेली होती. वहिनींची चूल, तीन विटा, रस्त्याच्या बरोब्बर मधे होती.

आंब्याखाली सभा भरली. सभा म्हणजे सगळे मान खाली घालून उभे. कुणीतरी म्हणालं, रस्ता तिथे जरा वळवून घेऊ. पण वळवायचा तर नकाशा बदलायचा, बदललेला नकाशा नव्या नियमात जाणार, त्यासाठी मुदत मागायची आणि ती मिळणार नाही असं लिहून आलेलं. तरी मी म्हटलं, "भाऊ, आपण मागून तरी बघू. साहेब तुम्हाला ओळखतात. सगळे सह्या करतील."

मागच्या ओळीतल्या लोकांनीही माना हलवल्या, हे मला सांगायलाच हवं. त्यांची घरं जाणार होती आणि तरी त्यांनी माना हलवल्या.

"कारण काय लिहू, बाई?" भाऊंनी विचारलं.

"मी लिहिते. 'अपरिहार्य कारणांमुळे.'"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोक्यावरून नाही, सरळ डोळ्यांत. मला वाटलं, हो म्हणतील. आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द खरे होते.

"नको," मागच्या ओळीतल्या लोकांकडे बघत ते म्हणाले. "ह्या लोकांनी किती मुदत द्यायची मला?"

आणि सभा संपली.

तुळस त्यांनी खणून, मुळांसकट मातीचा गड्डा घेऊन खऱ्या आठ नंबरात नेऊन लावली. विटांना हात लावला नाही. रोलर आला त्या दिवशी मी शाळेतून रजा घेऊन गेले होते. खडी पसरत पसरत काम आमच्या ओळीपर्यंत आलं आणि भाऊंनी हात वर करून रोलरवाल्याला थांबवलं. तो बिहारकडचा पोरगेलासा माणूस, त्याला वाटलं काहीतरी राहिलंय. भाऊ चुलीपाशी गेले आणि उकिडवे बसले. इंजिनच्या आवाजात मला आधी काही ऐकू आलं नाही. मग रोलरवाल्याने काय समजून कुणास ठाऊक, इंजिन बंद केलं.

"गो, ऊठ," भाऊ म्हणत होते. तोच तो वेगळा आवाज, वहिनींशी बोलतानाचा. "बाजूक हो जरा. रस्तो येता हा. तुका रस्तो दिसाक होयो होतो ना?"

मग ते थांबले. बाईमाणसाला चुलीपुढून उठायला, पदर सावरायला, भांडी उचलायला वेळ लागतो, तेवढा वेळ थांबले. कुणी हललं नाही. दामूने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं होतं. शेवटी भाऊ उठले, एक पाऊल मागे सरून वाट दिली, आणि रोलरवाल्याला हाताने ये म्हणाले. विटांचा आवाज फार झाला नाही.

रस्ता मुदतीत पुरा झाला. अंतिम मंजुरी मिळाली, त्या कागदाला हार घालून लोकांनी पेढे वाटले, भाऊंनीही पेढा खाल्ला. दोन-तीन वर्षांत घरं उभी राहिली, मागच्या ओळीतली आधी. आमचंही झालं. भाऊंनी आठ नंबरात दोन खोल्यांचं घर बांधलं, स्वयंपाकघर पुढे. चुलीकडची खिडकी मोठी, रस्त्याकडे तोंड केलेली. मीनल येऊन दूध उतू घालून गेली. आता आम्ही खरेखुरे शेजारी झालो, मधे भिंत आली. पण भाऊ पूर्वीचे राहिले नव्हते. रविवारी चुन्याची बादली घेऊन फिरणारा माणूस ओट्यावर बसून राहू लागला. दार दिवसभर उघडं. मी कालवण घेऊन जायची, ते जेवत नसत, झाकून ठेवत. तुळस तिथे रुजली नाही. दुसरी लावली, तीही वाळली.

एकदा दिवेलागणीला मी ताट परत न्यायला गेले. ओट्यावर अंधार. दिवा का नाही लावला म्हणून मी रागावले. ते रस्त्याकडे बघत होते.

"ती आली नाही, बाई."

मी झाकलेलं ताट उचललं.

"तिकडे असायची. दर रविवारी असायची. इथे एकदाही नाही." मग हळूच म्हणाले, "बाजूला हो म्हटलं मी तिला. कुठल्या बाजूला ते सांगितलंच नाही."

भुताखेताची भीती मला कधी वाटली नाही, तेव्हाही वाटली नाही. उलट रस्त्यावर भर गर्दीत उभी राहिलेली, सगळ्या घरांच्या पाट्यांकडे बघणारी, ठेंगणी गोरी बाई मला दिसली आणि रडू आवरेना. ताट तिथेच ठेवून मी घरी आले.

पुढे त्यांना एकट्याने राहणं जमेना. मीनल न्यायला आली. जायला तयार नव्हते, पण मुलगी रडली तसे उठले. रिक्षा दारात आली. पिशव्या भरल्या, कुलूप लागलं. मी फाटकाशी उभी होते. रिक्षा सुरू झाल्यावर भाऊंनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं आणि बाहेर वाकून मला जवळ बोलावलं.

"बाई, कोणी विचारत आलं तर आठ नंबर हाच, म्हणून सांगा."

"सांगेन," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, मागे टेकून बसले. तेच त्यांचं शेवटचं दर्शन. त्या हिवाळ्यात ते नाशिकलाच वारले.

आता रस्त्यावर डांबर आहे. मुलं स्कूटरी उडवतात, भाजीवाला ओरडत जातो, दामूच्या म्हशी कधीच विकल्या गेल्या. आठ नंबर बंद आहे. संध्याकाळी मी फाटकाचा दिवा लावायला बाहेर येते, तेव्हा कधीकधी रस्ता अगदी रिकामा असतो आणि तरी मधोमध कुणी थबकल्यासारखं वाटतं. मी शिकवलेल्या विज्ञानात ह्याला जागा नाही. मी फाटकाबाहेर दोन पावलं जाते, इकडेतिकडे कुणी बघत नाही ना ते बघते, आणि जरा मोठ्याने म्हणते, "वहिनी, आठ नंबर इकडे."